‘लायमन नंबर २’ लिहिलेल्या वड्यांत निघालं जस्त

अमेरिकेत विंचेस्टर ९४ किंवा मार्लिन ३३६ या लिव्हर अ‍ॅक्शन (तरफ ओढून काडतूस चढवायच्या) रायफलींसाठी घरीच .३०-३० काडतुसाच्या शिशाच्या बुलेट ओतणाऱ्यांनो, शिशाच्या सुट्या वड्या घेताना जरा थांबा. गन शोच्या (बंदुकांच्या विक्री-प्रदर्शनाच्या) टेबलावरून उचललेलं २५ पौंडांचं एक खोकं असंच पाण्यात गेलं. वड्या चकचकीत, प्रत्येकीवर मार्करने ‘लायमन नंबर २’ लिहिलेलं. म्हणजे बुलेट ओतायचं ठरलेलं मिश्रण: ९० टक्के शिसं, ५ कथील, ५ अँटिमनी. निघाली मात्र गाड्यांच्या चाकांचा तोल साधायला लावतात ती वजनं सरसकट वितळवून केलेली खिचडी, जस्तासकट.

शिसं ३२७ अंश सेल्सिअसला वितळतं, जस्त ४२० ला. आच ३७० च्या आत ठेवली तर जस्ताची वजनं न वितळता वर तरंगतात, झाऱ्याने काढता येतात. घाईचा माणूस आच वाढवतो आणि सगळं एकात एक होऊन जातं.

विकणारा वडी वाजवून दाखवतो. त्यावर जाऊ नका, अँटिमनीचा कडक मालही खणखणतोच. पाण्यात तोलून घनता काढणाराही फसतो: खऱ्या नंबर २ ची घनता पाण्याच्या सुमारे १०.७ पट, आणि शिशात १० टक्के जस्त घातलं तरी तीच! त्यापेक्षा वडी खरवडून ताज्या जागी म्युरिअ‍ॅटिक (हायड्रोक्लोरिक) अ‍ॅसिडचा एक थेंब टाका (उघड्यावर, चष्मा लावून). बुडबुडे आले की वडी खाली ठेवा. नाही आले म्हणून माल शुद्ध ठरत नाही. थोडं जस्त लपून राहतं.

म्हणून आधी एकच वडी घ्या आणि ती वेगळ्या लहान भांड्यात वितळवा. मोठ्या भांड्यात टाकलीत तर आधीचं चांगलं शिसंही नासेल. चांगला माल आरशासारखा दिसतो. जस्ताचा माल निवताना उपम्यासारखा दाटतो, कारण त्यातलं जस्त शिशाच्या आधी गोठू लागतं. मोल्ड तापलेला असूनही बुलेटच्या कडा गोलसर येतात, बुडाला सुरकुत्या पडतात, गॅस चेक (बुलेटच्या बुडाला बसवायची धातूची छोटी वाटी) तिरका बसतो.

लिव्हर अ‍ॅक्शनमध्ये खरा धोका क्रिम्पच्या खाचेत आहे, म्हणजे काडतुसाच्या केसचं तोंड आत दाबून (क्रिम्प करून) जिथे बसवतात त्या बुलेटवरच्या खाचेत. नळीच्या मॅगझिनमध्ये काडतुसं एकामागे एक असतात. स्प्रिंगचा दाब आणि गोळीबाराचा धक्का प्रत्येक बुलेटला केसमध्ये मागे रेटत असतो. ओतताना खाचेच्या कडा नीट भरल्या नसतील तर क्रिम्पला पकड मिळत नाही, बुलेट आत सरकते, पावडरसाठीची जागा घटते आणि दाब चढतो. साच्यातून दाबून .३०९ इंचाला साइझ केलेली बुलेट वरून ठीक दिसते, म्हणून भिंगाखाली आधी ती खाच पाहा.

गन शोमधला व्यवहार रोख, पावती नाही, पैसे विसराच. उरलेल्या वड्यांची मासेमारीची वजनं ओता. तिथे कडा गोल आल्या तरी चालतं. फक्त त्या खोक्यावर मोठ्या अक्षरांत ‘जस्त’ लिहून ठेवा.