क्राफ्ट की जोज व्हॅली? पावसानंतरचे दिवस धरून केलेला विचार

हिवाळ्याच्या सुट्टीत वाळवंटातल्या वालुकाश्मावर बोल्डरिंग (दोराशिवाय, खाली गादी टाकून बुटक्या दगडांवर चढणे) करायचे ठरले की लॉस एंजेलिसच्या आसपास राहणाऱ्या आमच्यासारख्यांच्या बोलण्यात दोन नावे हमखास येतात: लास वेगासला लागून असलेल्या रेड रॉक कॅनियनमधले क्राफ्ट बोल्डर्स आणि युटातल्या ऑरेंजव्हिल गावाजवळची जोज व्हॅली. दोन्हीकडे मी दोनदा जाऊन आलो आहे.

दगडाच्या बाबतीत जोज व्हॅली सरस आहे, हे आधीच मान्य करतो. तिथल्या काळपट, कडक साल धरलेल्या दगडांवर बोटे आपसूक बसतात आणि पुष्कळसे बोल्डर रस्त्यापासून पाच-दहा मिनिटांच्या चढावर आहेत. क्राफ्टला रेड रॉकमधल्या सीनिक लूप या रस्त्याचे आरक्षण लागत नाही, पण गाडी लावायला सकाळी लवकर पोचावे लागते आणि ‘द पर्ल’सारख्या नावाजलेल्या प्रॉब्लेमखाली (बोल्डरवरच्या चढाईच्या ठरलेल्या वाटेखाली) शनिवारी रांग लागते.

तरीही माझे मत फिरले ते पावसामुळे. सह्याद्रीच्या बेसॉल्टवर शिकलेल्या माणसाला हे पटायला वेळ लागतो, कारण तिथे सर ओसरून कडक ऊन पडले की कातळ लवकरच पुन्हा चढण्याजोगा होतो. वालुकाश्म मात्र पाणी पितो; वाळूचे कण धरून ठेवणारा सांधा ओलाव्याने सैल पडतो, आणि वरून वाळलेला दगडही आतून कच्चा असतो. अशा वेळी दगडावरची तुटलेली पकड कायमची जाते. म्हणून पावसानंतर २४ ते ७२ तास थांबण्याची रीत आहे. जानेवारीत क्राफ्टला रात्री पाऊस झाला आणि दुसऱ्या दुपारी दगड कोरडाठाक दिसत होता. मी पायथ्याची माती उकरून पाहिली. पेरभर थर भुरभुरीत होता, पण त्याखालची माती गडद, गार होती आणि मुठीत दाबताच तिचा लाडू वळला गेला. आम्ही पॅड (पडल्यावर झेलणाऱ्या गाद्या) गाडीतच ठेवले, तो दिवस शहरातल्या क्लाइंबिंग जिममध्ये आणि पुढचा लोन माउंटनच्या चुनखडीवर दोर लावून घालवला. त्यानंतरच्या दिवशी माती कोरडी लागली, तेव्हा क्राफ्टला हात लावला.

जोज व्हॅलीत नोव्हेंबरमध्ये हेच वेगळ्या तऱ्हेने घडले. सुमारे ६,००० ते ७,००० फुटांवर पडलेले हिम बोल्डरच्या माथ्यावर साचते, दिवसा वितळते आणि दगड ठिबकत राहतो. ऑरेंजव्हिलच्या फूड रँच या दुकानातले डोनट खरोखर उत्तम असले, तरी तेवढ्यावर चार दिवस निघत नाहीत. चौथ्या दिवशी आमच्यातल्या एकाने ‘एकच बर्न’ (एकच प्रयत्न) म्हणत पॅड उघडले. त्याला मी थांबवले, पण परतीच्या दहा तासांत गाडीत कोणी फारसे बोलले नाही. त्याची तगमग मला कळत होती, कारण माझीही तीच होती. थांबणे सोसवते अशा ठिकाणी नियम पाळणे सोपे जाते, एवढे मला त्या प्रवासात उमगले.

एक पथ्य दोन्हीकडे सारखेच आहे. वाटेच्या कडेला काळसर, फुगीर, खडबडीत दिसणारी माती जिवंत असते. सायनोबॅक्टेरिया, शेवाळ आणि दगडफूल मिळून ते कवच बनते आणि एका पावलाने मोडलेले भरून यायला कित्येक वर्षे लागतात. पॅड टेकवण्याआधी खाली पाहावे.

तुमची रजा हवामान पाहून पुढे-मागे सरकत असेल, तर ऑक्टोबरमधली जोज व्हॅली कदाचित तुम्हाला अधिक आवडेल, आणि तसे झाले तर मला नवल वाटणार नाही. रजा डिसेंबर-जानेवारीतच आणि ठरलेल्या तारखांनाच मिळत असेल, तर मी क्राफ्ट सुचवेन. आम्ही येत्या जानेवारीत तिथेच जात आहोत, आणि या वेळी चारऐवजी सहा दिवसांची रजा टाकली आहे.