'शाळा', 'एलिनॉर अँड पार्क' की 'द फॉल्ट इन अवर स्टार्स': आधी कोणती वाचावी?

'कोवळ्या वयातल्या प्रेमाची, शेवटी चटका लावणारी एखादी कादंबरी सुचवा' असं कुणी म्हटलं, की बहुतेक जण स्वतःला सगळ्यात जास्त रडवलेलं पुस्तक सांगून मोकळे होतात. फसगत तिथेच होते. कुणाला मनसोक्त रडून मोकळं व्हायचं असतं, कुणाला शाळेच्या दिवसांची हुरहुर पुन्हा हवी असते, तर कुणाला या दोघांचं काय होणार या काळजीने पानं उलटायची असतात. खालच्या तिन्ही कादंबऱ्या 300 पानांच्या आसपासच्या आहेत आणि तिन्ही उत्तम आहेत, पण एकीची तहान दुसरीवर भागत नाही. शेवट कुठलाच फोडलेला नाही. तो कुठल्या जातीचा आहे, एवढंच सांगितलं आहे, कारण निवड करताना तेवढं कळायलाच हवं.

मिलिंद बोकील यांची 'शाळा' 2004 साली आली. काळ आणीबाणीचा, वर्ग नववीचा. मुकुंद जोशी स्वतःच सगळं सांगतो आणि त्याच्या जगात सुऱ्या, चित्रे, फावड्या, घरची माणसं, नरूमामा आणि त्याला आवडणारी वर्गातली मुलगी शिरोडकर आहेत. तिला तो आडनावानेच ओळखतो, मनातल्या मनातसुद्धा. मुलींशी बोलणं हीच मोठी घटना असलेल्या वर्गात आडनाव हेच जवळिकीचं नाव होऊन बसतं, आणि 'शिरोडकर' या पाच अक्षरांत बोकील जेवढी ओढ भरतात, तेवढी इतरांना दहा पानांच्या प्रेमपत्रातही जमत नाही. कोण कुणाला 'लाइन देते' याच्या चर्चा, तिच्या येण्याजाण्याच्या वेळा साधणं, एका नजरेचा दिवसभर लावलेला अर्थ हेच इथलं कथानक आहे.

म्हणूनच 'शाळा' अर्धवट सोडणारेही भेटतात. सुरुवातीला फारसं काही 'घडत' नाही. तास, मारामाऱ्या, मास्तरांच्या लकबी, टवाळ्या असं चालू राहतं. घटनांच्या वेगाची सवय असलेला वाचक इथे कंटाळतो. त्याला आधीच सांगावं, की हा संथपणा मुद्दाम आहे. त्या वयात एक आठवडा केवढा लांब असतो, हे त्याशिवाय कळणार नाही. दुसरी अडचण मुलांच्या भाषेची. ती शिवराळ आहे आणि मुलींबद्दलचं बोलणं त्या वयाच्या मुलग्यांचं आहे. बारा-तेरा वर्षांच्या मुलांच्या हातात पुस्तक देणाऱ्या मोठ्यांनी ते आधी स्वतः वाचावं. तिसरी उणीव खरी आहे: शिरोडकरचं मन आपल्याला कधीच आतून दिसत नाही. जे दिसतं ते मुकुंदला दिसलेलं. मुलीच्या बाजूने गोष्ट हवी असेल, तर हे पुस्तक तहान भागवणार नाही.

रेनबो रॉवेल यांच्या 'एलिनॉर अँड पार्क'मध्ये नेमकी ही उणीव भरून निघते. ती 2012 मध्ये ब्रिटनमध्ये आणि 2013 मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाली. कथा 1986 सालच्या, अमेरिकेतल्या ओमाहा शहरातली, दोघंही सोळा वर्षांची. निवेदन आलटून पालटून दोघांच्या बाजूने. वर नाव आणि खाली त्याची किंवा तिची बाजू, कधी दोन पानं, कधी चारच ओळी. स्पर्शाचा तोच क्षण आधी तिच्याकडून आणि मग त्याच्याकडून वाचताना जी गंमत येते, ती बाकीच्या दोन पुस्तकांत नाही.

शाळेच्या बसमध्ये नाइलाजाने शेजारी बसलेली ही मुलं आधी बोलतच नाहीत. पार्क कॉमिक वाचत असतो. बाजूची मुलगी तिरक्या नजरेने तेच पान वाचतेय हे त्याच्या लक्षात येतं, आणि तो काही न बोलता पान जरा उशिरा उलटायला लागतो. प्रेम सुरू झालंय हे तेव्हा त्या दोघांनाही माहीत नसतं. पुढे कॉमिक्सचे गठ्ठे येतात, कॅसेटी येतात, वॉकमनच्या बॅटऱ्यांना मोल येतं. ही बसची पानं आवडली नाहीत, तर पुस्तक खुशाल बाजूला ठेवा. पुढची सगळी इमारत त्यावरच उभी आहे.

मात्र हे पुस्तक 'गोड प्रेमकथा' म्हणून पुढे करू नका. एलिनॉरच्या घरी सावत्र बापाची दहशत आहे. पाच भावंडं एका खोलीत झोपतात, न्हाणीघराला दार नाही, घरात फोन नाही. ती आंघोळीची वेळसुद्धा त्या माणसाची चाहूल घेऊन ठरवते. शाळेत अंगावरून, कपड्यांवरून छळ चालतो तो वेगळाच. घरात मारहाण किंवा धाक सोसलेल्या वाचकाला याची आधी कल्पना द्यायलाच हवी, कारण भीती इथे शेवटपर्यंत सुटत नाही. शिवाय पार्कची आई कोरियन आहे, आणि तिचं व त्याच्या दिसण्याचं चित्रण साचेबद्ध असल्याची टीका या पुस्तकावर बरीच झाली आहे. ती टीका अनाठायी नाही. तरीही दोन एकटी मुलं एकमेकांना जागा करून देतात ते इतक्या नेमकेपणाने लिहिलं आहे, की पुस्तक यादीतून काढावंसं वाटत नाही.

'द फॉल्ट इन अवर स्टार्स' ही जॉन ग्रीन यांची 2012 मधली कादंबरी तिघांत सगळ्यात प्रसिद्ध, आणि चुकीच्या वेळी सगळ्यात जास्त सुचवली जाणारी. सोळा वर्षांची हेझल थायरॉइडच्या कर्करोगाशी झगडतेय, तो फुप्फुसांत पसरला आहे. नाकाला नळी, सोबत ऑक्सिजनचं सिलिंडर. सतरा वर्षांच्या ऑगस्टसचा एक पाय हाडांच्या कर्करोगात गेला आहे. दोघं रुग्णांच्या आधारगटात भेटतात. हेझलचं एक लाडकं पुस्तक आहे, ते वाक्याच्या मध्यातच तुटतं. पुढे काय झालं हे त्याच्या लेखकाला विचारायला दोघं ॲमस्टरडॅमला जातात. आपण गेल्यावर मागे राहिलेल्यांचं काय होतं, हा हेझलच्या मनातला प्रश्न त्या प्रवासाच्या मुळाशी आहे. तिथे अ‍ॅन फ्रँक ही डायरी लिहिणारी ज्यू मुलगी नाझींपासून जिथे लपली होती, त्या घरातले अरुंद, चढे जिने ती धापा टाकत चढते. आजार किती आत आलाय आणि तरी जगायची ओढ किती आहे, ते या एका प्रसंगात कळतं.

या पुस्तकाची ताकद विनोद आहे. हेझल स्वतःची कीव करू देत नाही. पण मुलं फारच हुशार, टाळीबाज बोलतात. काहींना ते कृत्रिम वाटतं, आणि पहिल्या दोन प्रकरणांत खटकलं तर पुढेही खटकत राहतं. घरात कुणाचं कर्करोगावरचं उपचारपर्व चालू असेल किंवा नुकतंच कुणी गेलं असेल, तर हे पुस्तक आपणहून हातात ठेवू नये. वेदना, श्वास अडकणं, रुग्णालयाच्या रात्री हे सगळं यात थेट आहे. अशा वाचकाने स्वतःहून मागितलं तर मात्र अडवू नका. आणखी एक: हेझल घेते ते फॅलँक्सिफॉर हे औषध काल्पनिक आहे. आशेने शोधायला जाऊ नये.

भाषेचं म्हणाल, तर इंग्रजी कादंबरीची सवय नसलेल्याला 'एलिनॉर अँड पार्क' सोपी जाते. वाक्यं छोटी, प्रकरणं त्याहून छोटी. त्या काळच्या बँडची नावं ओळखीची नसली तरी अडत नाही. ग्रीनच्या पुस्तकात कविता, शेक्सपियर आणि आजाराची परिभाषा येते, वेग थोडा मंदावतो.

आता शेवटाची जात. 'फॉल्ट'मधलं दुःख दूरवरून दिसतं, ते येतं आणि आल्यानंतरचे दिवसही दाखवले जातात. त्यामुळे भरपूर रडूनही वाचक मोकळा होतो. 'एलिनॉर'मध्ये अखेरची एक गोष्ट लेखिका वाचकाला सांगतच नाही. उघडा शेवट सहन न होणाऱ्यांची तिथे चिडचिड होते, बाकीचे दिवसेंदिवस त्यावर वाद घालतात. 'शाळा'चा शेवट आवाजच करत नाही. तिथे जीवघेणा आजार नाही, घरात राक्षस नाही. ज्याच्यावर बोट ठेवावं असं कुणी नाही, म्हणूनच ती रुखरुख सगळ्यात जास्त टिकते. एकच पुस्तक वाचायला वेळ असेल आणि वाचक पंचविशीच्या पुढचा असेल, तर कौल 'शाळा'ला. पंधरा-सोळाच्या वाचकाला ती कधीकधी 'यात काय विशेष' वाटते, कारण तो अजून त्याच दिवसांत असतो. त्याला 'एलिनॉर' आधी द्यावी.

सलग तिन्ही वाचणार असाल, तर 'फॉल्ट' पहिली आणि 'शाळा' शेवटी ठेवा. उलट क्रमाने वाचल्यास 'शाळा'नंतर ग्रीनच्या संवादांचा चकचकीतपणा जास्तच डोळ्यांवर येतो. चित्रपट नंतर पाहावेत. 'शाळा' चित्रपट जानेवारी 2012 मध्ये आला आणि तो चांगलाच आहे, पण मुकुंदची मनातली अखंड बडबड पडद्यावर मावत नाही, आणि कादंबरीचा जीव तिच्यात आहे. 'फॉल्ट'वर 2014 मध्ये इंग्रजी आणि 2020 मध्ये 'दिल बेचारा' हा हिंदी चित्रपट आला. त्यातला एखादा आधीच पाहिला असेल, तर शेवट माहीत झाला म्हणून पुस्तक सोडू नका. फक्त त्या वाचकाने सुरुवात 'एलिनॉर'पासून करावी आणि 'फॉल्ट' काही महिन्यांनी, चित्रपटातले चेहरे जरा पुसट झाल्यावर हाती घ्यावी.