पोर्टेबल ईव्ही चार्जर: स्वतःचं पार्किंग नसेल तर घ्यावा का?

गाडी दारात नाही, थोडी लांब कॉमन जागेत उभी असते, वॉलबॉक्स (भिंतीवर बसवायचा चार्जर) ठोकायला आपली अशी भिंतच नाही, अशा लोकांसाठी हा रिव्ह्यू. माझ्याकडे साधा पोर्टेबल चार्जर आहे, एका टोकाला पॉवर सॉकेटचा प्लग, त्याच्या जवळच करंट सांभाळणारा डबा आणि दुसऱ्या टोकाला गाडीत खुपसायची टाइप २ ची गन. वस्तू चांगली आहे, पण मीटरपासून गाडीपर्यंतची वायर नीट नसेल तर घेऊच नका, सरळ सांगतो.

स्पीडवरून लोक उगाच घाबरतात. 10 अँपिअरला 230 व्होल्टवर 2.3 किलोवॉट मिळतात, म्हणजे 40 युनिटची बॅटरी पूर्ण रिकामी असेल तर फुल व्हायला 19-20 तास, ऐकूनच घाम फुटतो. पण रोज बॅटरी शून्यावर कोण आणतं? दिवसाला 40 किलोमीटर फिरलात तर साधारण 6 युनिट जातात, ते तीन तासांत परत भरतात, तोवर तुम्ही झोपलेले असता. रोज दोनशे किलोमीटर मारणाऱ्याने मात्र या भानगडीत पडू नये.

आता वायर, खरी गोम इथेच आहे. सॉकेट लांब म्हणून लोक घरातला एक्सटेन्शन रील काढतात आणि तोही अर्धा गुंडाळलेला ठेवून जोडतात, हे अजिबात करू नका राव. इस्त्री दहा मिनिटं चालते, गाडी सहा-सात तास सलग खेचते. 1.5 चौरस मिलिमीटरची 25 मीटर वायर घेतली आणि 16 अँपिअर ओढले तर दीडशे वॉटच्या आसपास नुसती वायरच खाते, वर ती गुंडाळलेली असेल तर उष्णता जायला जागाच नाही, इन्सुलेशन वितळतं. करंट अर्धा केला तर ही उष्णता चौथाईवर येते, म्हणून या चार्जरवर 8, 10, 13, 16 असं सेटिंग आहे हे मला सगळ्यात आवडलं, डबा गाडीला सांगतो एवढाच करंट घे आणि गाडी निमूट ऐकते. तरी कायमचा उपाय म्हणजे वायरमनकडून मीटरपासून वेगळी जाड लाइन, स्वतःची एमसीबी (करंट जास्त झाला की लाइन तोडणारा स्विच), 30 मिलिअँपिअरचा आरसीडी (करंट गळला की लाइन तोडणारा) आणि नीट अर्थिंग. अर्थिंग नसेल तर डब्यावर लाल लाइट लागतो आणि चार्जिंग सुरूच होत नाही, लोक चार्जर खराब निघाला म्हणून परत करतात, बिचारा त्याचं काम करत असतो.

कंपनीवर राग आहे तो डब्याच्या वजनावर. प्लगपासून डब्यापर्यंतची वायर वीतभर, त्यामुळे सॉकेट उंचावर असेल तर डबा अधांतरी लोंबतो आणि प्लग हळूहळू खाली ओढला जातो, पिनेच्या बाजूला प्लास्टिक किंचित पिवळं पडलेलं दिसलं तेव्हा मी भिंतीत खिळा मारून डबा टांगला. हुक बॉक्समध्ये द्यायला काय जात होतं? कस्टमर केअरला कळवलं तर उत्तर आलं, सॉकेट बदलून बघा. हाताला चटका बसेल इतका प्लग तापत असेल तर तिथेच थांबा, करंट कमी करा, सॉकेट बदला.

पाऊस म्हणाल तर डबा आयपी 67 आहे, म्हणजे पाण्याला दाद देत नाही, पण तुमचा साधा सॉकेट आयपी 67 नसतो हे कोणी सांगत नाही! सॉकेट झाकणाच्या पेटीत हवा. पेटीला कुलूप लावलंत तर आणखी एक काम होतं, कारण गन गाडीत लॉक होते, कोणी काढू शकत नाही, पण सॉकेटकडचा प्लग येणाराजाणारा कोणीही उपटून स्वतःची वस्तू लावू शकतो.

केबल चालायच्या वाटेवरून जात असेल तर वरून रबरी रॅम्प टाका, आणि जागा सामायिक असेल तर आधी लेखी परवानगी घ्या, केबलला अडखळून कोणी पडलं की मग भांडणं मिटत नाहीत. लाइट जाऊन परत आली की चार्जिंग आपोआप सुरू होतं, हे मस्त. अ‍ॅप मात्र टाकाऊ आहे, मी काढूनच टाकलं, गाडीच्या स्क्रीनवर टाइमर लावतो.