सिएनाचा पालिओ, नाशिकहून
नाशिकमधील एका पर्यटन संस्थेबरोबर आम्ही उभयतांनी इटलीची सहल केली, ती मुख्यतः सिएना शहरातील पालिओ ही घोड्यांची शर्यत पाहण्यासाठी. दरवर्षी 2 जुलै आणि 16 ऑगस्टला पिआत्सा देल काम्पो या शिंपल्याच्या आकाराच्या उतरत्या चौकात होणाऱ्या या शर्यतीत शहरातील 17 पेठांपैकी 10 पेठांचे घोडे धावतात, स्वार खोगिराविना बसतात आणि स्वार पडला तरी एकटा घोडाही जिंकू शकतो. तीन फेऱ्या जेमतेम दीड मिनिटात संपतात. बक्षीस म्हणजे रंगवलेला रेशमी ध्वज. पण त्यासाठीची ईर्ष्या पाहून आपल्या जुन्या नाशकातील रहाडींचा, म्हणजे रंगपंचमीला रंग खेळण्याच्या जुन्या दगडी हौदांचा, अभिमान आठवतो.

मार्गदर्शकाने सराव शर्यत दाखवली आणि घोड्याला पेठेच्या चर्चमध्ये आशीर्वाद देण्याची प्रथा समजावून सांगितली, हे उत्तम झाले. मात्र चौकाच्या मध्यभागी प्रवेश विनामूल्य असला, तरी तेथे सावली वा स्वच्छतागृह नसते आणि तासन्‌तास उभे राहावे लागते, याची पूर्वकल्पना सोबतच्या ज्येष्ठांना दिली गेली नव्हती. कडेच्या आसनांचे पैसे वेगळे मोजावे लागतात, हेही तेथेच कळले. रात्रीच्या जेवणात पुरणपोळी होती. इटलीच्या या टस्कनी प्रांतात तिचे प्रयोजन काय, हे मला अद्याप उमगलेले नाही.