उतरंड की ऑन्टॉलॉजी? नान्नजचा माळ कुठे नोंदवायचा

साध्या उतरंडीत, म्हणजे एकाखाली एक अशा खणांच्या वर्गीकरणात, जागा नोंदवायचं काम झटपट: नान्नज, उत्तर सोलापूर तालुका, जिल्हा. सातबाऱ्यापुरतं तेवढं पुरे. पण तिथलं माळढोक पक्ष्याचं गवत तालुक्याची हद्द मानत नाही, आणि उतरंडीत प्रत्येक घटकाला पालक, म्हणजे वरचा खण, एकच.

ऑन्टॉलॉजी, म्हणजे गोष्टी आणि त्यांच्यातली वेगवेगळी नाती नोंदवणारी मांडणी, उभी करायला मेहनत फार, तरी माळ जपायचा तर मी तीच घेईन. तिथे 'चा प्रकार' आणि 'चा भाग' ही नाती वेगळी लिहितात. नान्नजचा माळ हा गवताळ परिसंस्थेचा प्रकार आणि भीमा खोऱ्याचा भाग; दोन्ही एकाच वेळी खरं.

उजनी धरणाचा फुगवटा तर बघाच. तो सोलापूर आणि पुणे, दोन्ही जिल्ह्यांत पसरलाय. पावसाळ्यानंतर तुडुंब जलाशय. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की काठाला भेगाळलेला काळा गाळ, आणि त्यावर गाळपेराचं पीक. उतरंडीच्या कुठल्या खणात ठेवणार ही जमीन?