परवडणारी सेमी-हॉलो गिटार सुधारायची आहे: आधी नट की आधी पिकअप?

एपिफोन डॉट, आयबानेझ एएस७३ किंवा त्याच घाटाची एखादी सेमी-हॉलो, म्हणजे अर्धी पोकळ, गिटार घेऊन वर्ष-दीड वर्ष झालं की प्रश्न पडतोच. गिटार देखणी आहे, हातात छान बसते, मग थोडे पैसे घालून हिला आणखी चांगली करता येईल का? आणि बहुतेकांची नजर आधी पिकअपकडे, म्हणजे तारेचं कंपन विजेच्या संकेतात बदलणाऱ्या भागाकडे, वळते. माझीही वळली होती. नवी जोडी आणली, बसवण्याची मजुरी दिली, आनंदाने घरी आलो. दुसऱ्या दिवशी वाजवायला बसलो तर मूळ दुखणं जागच्या जागी होतं. तिसरी तार बेंड करून सोडली की तिचा सूर उतरलेला. तार नटच्या (मानेच्या टोकाशी तारा धरणाऱ्या पट्टीच्या) खाचेत अडकत होती, आणि कितीही चांगला पिकअप घातला तरी बेसूर तार तो बेसूरच ऐकवणार.

म्हणून कुठला भाग किती चांगला हे पाहण्याआधी एक गोष्ट तपासा: तो भाग बसवायला गिटारच्या पोटात हात घालावा लागतो का? सॉलिड-बॉडी, म्हणजे भरीव लाकडाच्या, गिटारमध्ये हा प्रश्न फारसा येत नाही. स्ट्रॅटोकास्टरचा पिकगार्ड उचलला किंवा लेस पॉलच्या पाठीवरचं झाकण काढलं की सगळं वायरिंग समोर. सेमी-हॉलोला बहुधा पाठीमागे दारच नसतं. १९५८ साली गिब्सनने ईएस-३३५ आणली, तेव्हापासून या जातीची रचना ठरलेली आहे: प्लाय केलेल्या मेपलचं पोकळ अंग, मधोमध लाकडाचा ठोकळा, दोन बाजूंना एफ-होल, म्हणजे इंग्रजी एफच्या आकाराची भोकं. पोकळ गिटार मोठ्या आवाजात घुमू लागते, शिट्टी मारते. ते आवरायला हा ठोकळा. आपल्या परवडणाऱ्या गिटारी याच आराखड्यावर बेतलेल्या आहेत. त्यामुळे चारही पॉट (व्हॉल्यूम-टोनचे नॉब ज्यांवर बसतात ते भाग), स्विच आणि जॅक काढायचे आणि घालायचे ते एफ-होलमधून किंवा पिकअपच्या खाचेतून. सॉलिड-बॉडीत अर्ध्या तासात उरकणारं काम इथे अख्खी दुपार खातं, आणि दुकानात दिलंत तर मजुरीही त्याच हिशोबाने.

(तुमच्याकडे एपिफोन कसिनो असेल तर थोडं सांभाळून वाचा. ती दिसते अशीच, पण तिच्या पोटात ठोकळा नाही आणि पिकअपही पी-९०, म्हणजे एका कॉइलचे, आहेत. इथल्या मापातले हमबकर (दोन कॉइलचे पिकअप) तिच्यात बसणार नाहीत.)

बाहेरची कामं: नट, फ्रेट, सेटअप

या वर्गातल्या गिटारींचा सगळ्यात दुबळा भाग बहुतेक वेळा नटच असतो. या घाटाच्या हेडस्टॉकला (मानेच्या वरच्या टोकाला) दोन्ही बाजूंना तीन-तीन ट्यूनर, म्हणजे खुंट्या, असतात. त्यामुळे मधल्या दोन तारा, म्हणजे तिसरी आणि चौथी, नटमधून निघून सगळ्यात तिरक्या वळतात. खाच अरुंद किंवा खडबडीत असेल तर तार तिथेच धरली जाते. ट्यूनर फिरवताना ‘टिंग’ असा आवाज येऊन सूर एकदम उडी मारत असेल तर दोष ट्यूनरचा नाही, खाचेचा. शाळकरी पेन्सिलचं शिसं खाचेत घासून बघा. तेवढ्याने फरक पडला तर निदान पक्कं झालं.

उंचीची परीक्षा आणखी सोपी आहे. दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मध्ये तार दाबा आणि पहिल्या फ्रेटवर तार व फ्रेट यांच्यात किती फट उरते ते पाहा. केसाएवढी फट हवी. ती ठळक दिसत असेल तर पहिल्या दोन-तीन फ्रेटवर वाजवलेला प्रत्येक कॉर्ड थोडा चढा लागणार, आणि आपण उगाच कानाला दोष देत बसणार.

आपल्याकडे तंतुवाद्याची जाण असलेल्या घरात हे पटकन कळतं. मिरजेचा कारागीर सितारीची घोडी कानसीने घासून जवारी काढतो, कारण तिथे तारेने पृष्ठभागावर हलकं घासत राहणंच हवं असतं. गिटारच्या नटला नेमकं उलट हवं: तार खाचेच्या पुढच्या काठावरून स्वच्छ सुटली पाहिजे. खाचेचा उतार चुकला तर मोकळी तार सितारीसारखी झणझणते. सितारीत तो अलंकार, इथे दोष.

नवा नट हाडाचा घ्यायचा की ग्राफटेकच्या टस्कसारखा तयार? तयार नटला खाचा आधीच पाडलेल्या असतात, तळ घासून उंची जुळवली की काम बहुतेक झालं. वळणाऱ्या तारांना तो घसरू देतो हाही फायदा. हाडाचा नट चांगल्या हाताने कोरला तर उत्तमच, पण तिथे पैसे हाडाचे नसून हाताचे असतात. जवळ असा माणूस असेल तर हाड, नसेल तर टस्क, असं मी म्हणेन.

नटबरोबरच फ्रेट लेव्हल करून घ्या आणि पूर्ण सेटअप करा. माझं सुरुवातीचं माप असं: मानेचा बाक सुमारे ०.२ ते ०.२५ मिमी, बाराव्या फ्रेटवर सहावी तार २ मिमी आणि पहिली १.२ मिमीच्या आसपास. पुण्यात पावसाळा आणि उन्हाळा यांत मान थोडी हलते, मुंबई-कोकण-गोव्यात तर दमटपणा आणखी जास्त, म्हणून वर्षातून दोनदा तरी हे पाहायला हवं. ट्रस रॉड (मानेचा बाक जुळवणारी आतली सळई) एका वेळी पाव फेऱ्याहून जास्त फिरवू नका.

ट्यूनर आणि ब्रिज (गिटारच्या अंगावर तारा टेकतात तो भाग) यांच्यावर मी इतका वेळ घालवणार नाही. ट्यूनर ढिले असतील, फिरवल्यावर काही क्षण काहीच घडत नसेल, तरच बदला. लॉकिंग ट्यूनरने तारा लवकर बदलता येतात, ही खरी सोय आहे. पण अडकणाऱ्या नटचा तो इलाज नाही. ब्रिज आणि टेलपीस (तारांची मागची टोकं धरणारा भाग) घेताना एकच खबरदारी: आशियात बनलेल्या बहुतेक गिटारींचे स्टड, म्हणजे हे भाग ज्यांवर बसतात ते स्क्रू, मेट्रिक मापाचे असतात, अमेरिकन गिब्सनचे इंची. सुटा भाग मागवण्याआधी स्टडचा व्यास आणि दोन स्टडमधलं अंतर मोजा. जस्ताच्या टेलपीसऐवजी अ‍ॅल्युमिनियमचा लावला तर वजन निम्म्याहून कमी होतं आणि आवाज किंचित मोकळा वाटतो. किंचितच. तार वारंवार सॅडलवर (ब्रिजवरच्या तिच्या टेकूवर) तुटत असेल, तर नवा ब्रिज घेण्याआधी ती खाच बारीक पॉलिश पेपरने गुळगुळीत करून बघा.

आतली कामं: पॉट, वायरिंग

इथे दोन गोष्टींची गल्लत होते. स्वस्त गिटारीत १६ मिमीचे छोटे पॉट असतात, महागड्या गिटारीत सीटीएससारख्या कंपनीचे मोठे, २४ मिमीचे. छोटा पॉटही ५०० किलोओहमचा असेल तर नुसता मोठा बसवल्याने आवाज उजळत नाही. मोठ्या पॉटचा फायदा वेगळा आहे. तो टिकतो, लवकर खरखरत नाही आणि व्हॉल्यूम कमी करताना हाताला समान चढ-उतार देतो. दमट हवेत हे महत्त्वाचं. मात्र केवळ खरखर होत असेल तर आधी कॉन्टॅक्ट क्लीनर मारून बघा.

व्हॉल्यूम सातवर आणला की आवाज घोंगडी पांघरल्यासारखा होतो, ही तक्रार मात्र खरी आणि तिला जवळजवळ फुकटचं औषध आहे. आजच्या रिवाजात टोन कंट्रोलची तार व्हॉल्यूम पॉटच्या आत येणाऱ्या टोकाला जोडलेली असते. ती मधल्या, म्हणजे बाहेर जाणाऱ्या टोकाला जोडली की झालं ‘फिफ्टीज वायरिंग’. व्हॉल्यूम उतरवला तरी वरचे सूर शाबूत राहतात. नवा भाग शून्य, एक सोल्डर इकडून तिकडे. पण त्या एका सोल्डरसाठी पूर्ण वायरिंग बाहेर काढावं लागतं! सेमी-हॉलोचा सगळा हिशोब या एका उदाहरणात आहे.

मोठे पॉट घ्यायचे ठरलं तर तीन मापं घ्या. एफ-होलच्या सगळ्यात रुंद जागेतून २४ मिमीचा पॉट जातो का? भोक किती मिमीचं आहे? छोट्या पॉटचं भोक ७-८ मिमीचं असतं, सीटीएसला साधारण ९.५ लागतं. ते हाताच्या रीमरने (भोक रुंदावण्याच्या हत्याराने) हळूहळू वाढवा. ड्रिल लावलंत तर वरची पॉलिश कपचा उडून खराब होईल. आणि तिसरं, नॉब. दांड्यावरचे दाते वेगळे असतात, जुना नॉब जबरदस्तीने बसवला तर तडकतो.

पिकअप: दोन चांगल्या पर्यायांत निवड

हमबकरची गोष्ट सेथ लव्हर यांच्यापासून सुरू होते. गिब्सनमध्ये असताना त्यांनी दोन कॉइल उलटसुलट जोडून विजेची भणभण मारली आणि १९५५ साली पेटंटचा अर्ज केला. पेटंट १९५९मध्ये मिळालं. त्या काळी पिकअपखाली ‘पेटंटसाठी अर्ज केला आहे’ अशी इंग्रजी चिठ्ठी असायची, तिच्या आद्याक्षरांवरून नाव पडलं पीएएफ. सेमी-हॉलोत लोक जे शोधतात ते बहुधा हेच, मध्यम ताकदीचा, मोकळा आवाज. जोरकस, मेटलसाठी बनवलेला पिकअप या गिटारीत घालू नये असं माझं ठाम मत आहे. लाकडाच्या पोकळीतून येणारी हवाच तो बुजवून टाकतो.

सेमूर डंकन ‘५९ आणि त्याच कंपनीचा सेथ लव्हर, ही जोडी तुलनेला घेऊ. पहिल्यात अ‍ॅल्निको ५ चुंबक, खालचा सूर घट्ट, वरचा लखलखीत. दुसऱ्यात अ‍ॅल्निको २, आवाज मऊ, हाताच्या दाबाला लगेच प्रतिसाद देणारा. घरी, छोट्या जागेत जॅझ किंवा जुनी हिंदी-मराठी गाणी वाजवत असाल तर सेथ लव्हर ऐकून मन भरून येतं. पण एक फरक निर्णायक आहे. ‘५९ मेणात बुडवलेला असतो, सेथ लव्हर नसतो. मेण नसेल तर कॉइलचे वेढे स्वतःच थरथरू शकतात आणि मोठ्या आवाजात पिकअप मायक्रोफोनसारखा वागू लागतो. पोकळ अंगाचं घुमणं आधीच आहे, त्यात ही भर. ड्रमरबरोबर, मंडपात किंवा स्टेजवर मॉनिटरसमोर उभं राहून वाजवायचं असेल तर मी डोळे झाकून ‘५९ घेईन.

एकच पिकअप बदलायचा मोह होतो, पैसे निम्मे लागतात म्हणून. तिथे धोका आहे. जुना आणि नवा पिकअप एकमेकांच्या उलट फेजमध्ये (एकाची लहर वर तर दुसऱ्याची खाली) निघाले तर स्विच मधे ठेवल्यावर आवाज पातळ, नाकातला येतो. आणि दोन्ही पिकअपचा एकत्र आवाज हीच तर सेमी-हॉलोची सगळ्यात गोड जागा! जाळीची एकच वायर असलेल्या पिकअपची फेज उलटवणं किचकट असतं. म्हणून एकच घ्यायचा तर चार वायरींचा घ्या, किंवा जोडीच घ्या.

आणि काहीही विकत घेण्याआधी आहेत त्या पिकअपची उंची बदला. शेवटच्या फ्रेटवर तार दाबून नेक पिकअप सुमारे २.४ मिमी आणि ब्रिज पिकअप १.६ मिमी खाली ठेवा, मग कानाने जुळवा. नेक पिकअप गढूळ वाटणाऱ्या कितीतरी गिटारींमध्ये तो फक्त तारांच्या फार जवळ असतो.

मग ठरवायचं कसं

तक्रार सुराची किंवा हाताची असेल, तर नट, फ्रेट, सेटअप आणि नवा तारांचा संच. १० ऐवजी ११ ते ४९चा (हे आकडे तारांच्या जाडीचे, इंचाच्या हजारांशात) संच लावला तर या गिटारींना भरदार आवाज येतो, पण मग नटच्या खाचा त्या जाडीला जुळवून घ्या. हा सगळा खर्च ब्रँडेड पिकअपच्या जोडीपुढे थोडा आहे, आणि निदान दोन महिने वाजवून बघितल्याशिवाय पुढे जाऊ नये.

तेवढं करूनही आवाजच आवडत नसेल, तर आत जा, पण एकदाच: पिकअप, पॉट, स्विच, जॅक, फिफ्टीज वायरिंग सगळं एका बैठकीत. आज पिकअप, दिवाळीला पॉट, असं केलंत तर तीच मजुरी दोनदा.

आणि तिसरा रस्ता, विकून वरची घेणं. आतल्या-बाहेरच्या कामाचा मिळून खर्च गिटारच्या किमतीच्या निम्म्यावर जात असेल आणि तुम्हाला मान किंवा वजनही खटकत असेल, तर हाच बरा. एपिफोनने २०२०पासून आणलेल्या ईएस-३३५मध्ये सीटीएस पॉट कंपनीतूनच येतात. तेवढं काम वाचतं. जुनी विकताना घातलेल्या भागांचे पैसे सहसा परत मिळत नाहीत, म्हणून मूळ भाग पिशवीत नाव लिहून जपून ठेवा. मान मात्र तुमच्या हाताला मनापासून आवडली असेल तर विकू नका. ती पुन्हा तशीच मिळेल असं नाही.

स्वतः करणार असाल तर

जुना पॉट आत ढकलण्याआधी त्याच्या दांड्याला मजबूत दोरा बांधा, दुसरं टोक बाहेर राहू द्या. नवं वायरिंग परत खेचताना तोच दोरा वाट दाखवतो. माशांच्या टाकीची पारदर्शक नळी ६ मिमीच्या दांड्यावर घट्ट बसते, तीही उत्तम. पुठ्ठ्यावर भोकांच्या जागा उतरवून वायरिंग त्या पुठ्ठ्यावरच सोल्डर करा, म्हणजे वायरींची लांबी नेमकी येते. एफ-होलच्या कडेला कापड नाहीतर मास्किंग टेप लावा.

सगळं आत बसलं की लगेच तारा चढवू नका. केबल लावा, अ‍ॅम्पचा आवाज बारीक ठेवा, आणि स्विचच्या तिन्ही जागांवर दोन्ही पिकअपवर स्क्रूड्रायव्हरने हलकेच टकटक करा. टकटक ऐकू आली, चारही नॉब फिरले, जॅकचा बाहेरून आवळायचा स्क्रूचा नट घट्ट आहे, मगच पहिली तार.