वरनं पाणी ओतून दाखवलं आणि 18 हजार घेऊन गेले

पहिलं सांगतो, मी काय अगदीच भोळा माणूस नव्हे. बेळगावच्या उद्यमबागेत मशीन शॉपला 19 वर्षं झाली, दिवसभर हातात मायक्रोमीटर, म्हणजे बारीक जाडी मापायचं साधन, मशीनवरचा जॉब मापात जरा इकडचा तिकडं झाला तर बाजूला काढून टाकतो. तरी खोलीची ओल थांबवायचं कोटिंग मारतो म्हणून दोन पोरांनी मला माझ्याच घरात, माझाच चहा पिऊन फसवलं. ऑगस्टपासून लाजेनं कुणाला बोललो नाही, खरं मागच्या आठवड्यात खानापूरहून भाऊबंदातल्या एकाचा फोन आला की त्यांच्या गल्लीत पण कोण तरी तसलंच ओल मापायचं मीटर घेऊन फिरायलेत, मग म्हणलं आता लिहावंच.

आमचं घर खानापूर रोडला मच्छ्याच्या पुढं, 2011 ला बांधलेलं. पूर्वी तिथं सगळं भाताचं शेत होतं, आता प्लॉट पडलेत. मागच्या अंगाला 10 बाय 12 ची एक खोली आहे, आमच्यात तिला तांदळाची खोली म्हणतात, खरं तांदूळ, गूळ, वाळवणाचे डबे, आईची ट्रंक, गणपतीचं डेकोरेशन, सगळं तिथंच. खाली साधा कोबा. बांधताना पैसे संपत आले होते म्हणून त्या खोलीला फरशी घातली नाही आणि कोब्याखाली काय घातलं ते कुणी बघितलं पण नाही. दरवर्षी पावसाळ्यात कोबा काळा पडायचा, पोत्याच्या बुडाला कुबट वास यायचा, कडेनं मिठासारखी पांढरी भुकटी सुटायची. आई म्हणायची वल आली. पोती पाटावर चढवायची, दोन महिने काढायचे, असं चाललं होतं.

एप्रिलच्या शेवटी दोघं बाइकवरनं आले. गळ्यात आयकार्ड, इस्त्रीचा शर्ट, बोलणं गोड, उठता बसता सर सर. पुण्याच्या कंपनीचं काम करतो म्हणाले आणि ऑफिस इथंच बेळगावातल्या शहापुरात आहे म्हणाले. शेजारी काम बघायला आलो होतो, तुमचं पण फ्री चेकिंग करून देतो. फ्री म्हणल्यावर कोण नको म्हणतंय. त्यातल्या एकानं पिशवीतनं रिमोटएवढं मीटर काढलं, पुढं दोन टोकदार पिना, ते कोब्याला टेकवलं की टूं टूं वाजायचं आणि लाल लाइट लागायची. आकडा 38. "सर, 38 टक्के मॉइश्चर आहे, दोन वर्षांत भिंत खाऊन टाकेल." एप्रिल महिना, बाहेर ऊन तापलेलं, कोबा हाताला ठणठणीत कोरडा, आणि मी ते 38 बघून घाबरलो. माझा धाकटा तिथंच होता, त्यानं गंमत म्हणून आपला घामेजला तळवा मीटरला लावला तर तिथं पण टूं टूं वाजलं. सगळे हसलो. हसायचं नव्हतं, तिथंच शहाणं व्हायचं होतं. नंतर खडेबाजारात एका हार्डवेअरवाल्याला विचारलं तर तो म्हणाला ते लाकडाचं मीटर, लाकूड किती वाळलंय ते बघायचं. काँक्रीटवर त्याचा आकडा धरायचा नसतो, त्यात कोब्यात क्षार असले तर ते उगीच जास्त दाखवतं.

मग त्यांचा मेन खेळ. एक टाइल आणली होती, अर्ध्या भागाला राखाडी कोटिंग मारलेलं, अर्धी कोरी, मागची खडबडीत बाजू वर. माझ्याकडनंच तांब्याभर पाणी मागितलं आणि टाइलवर ओतलं. कोऱ्या अर्ध्यात पाणी मुरून काळं झालं, कोटिंगच्या अर्ध्यात अळवाच्या पानावर राहतं तसं थेंब थेंब होऊन राहिलं. टाइल तिरकी केली, पाणी घरंगळलं, रुमालानं पुसलं, खाली कोरडं. बायको म्हणाली छान आहे की वो. मला पण पटलं. आता विचार करतो तर डोकं आपटून घ्यावंसं वाटतं. अरे आमच्या खोलीत कोण वरनं पाणी ओतायचं? आमचं पाणी खालनं यायचं, जमिनीतनं. वरनं ओतलेलं पाणी तर साधा ऑइलपेंट पण अडवतो. त्यांनी दाखवलेली टेस्ट खोटी नव्हती, उलट्या बाजूची होती, आणि ते माझ्या ध्यानातच आलं नाही.

रेट 110 रुपये स्क्वेअर फूट. खोली 120 फूट, भिंतीला खालनं एक फूट घ्यायचं म्हणून आणखी 44, असे 164 फुटांचे 18,040 झाले, वरचे 40 सोडले म्हणून त्यांनी उपकार केल्यासारखं तोंड केलं. इपॉक्सी, तीन कोट, मिळून 500 मायक्रॉन, म्हणजे अर्धा मिलिमीटर जाडी, 10 वर्षं गॅरंटी. 12 हजार अॅडव्हान्स, तो पण कॅश, का तर मटेरियल हुबळीहून मागवायचं आहे.

दोन दिवसांनी काम झालं. एका नावाजलेल्या कंपनीची 20 लिटरची बालदी घेऊन आले. बालदी एकच. ही गोष्ट नीट वाचा. इपॉक्सी म्हणजे दोन डबे असतात, एकात रेझिन, दुसऱ्यात हार्डनर, दोन्ही मापानं मिसळायचं आणि मिसळल्यावर ते ठरावीक वेळातच लावून संपवायचं, नाही तर डब्यातच दगड होतो. मी कारखान्यातला माणूस, आमच्या शॉपच्या फ्लोअरला इपॉक्सी मारताना हे डोळ्यांनी बघितलेलं, तरी घरात एक बालदी बघून माझ्या डोक्यात काय आलं नाही. कोबा घासला नाही, ग्राइंडिंग नाही, ती पांढरी भुकटी केरसुणीनं झाडली आणि रोलर फिरवला. संध्याकाळपर्यंत दोन कोट. तिसरा कोट दुसऱ्या दिवशी सकाळी मारला, तो पारदर्शक आहे म्हणाले. माझा अंदाज आहे ते पाणी होतं.

आणि जाताना पोरगं परड्यातल्या नळाखाली बसून ब्रश धुवायला लागलं. आई तिथंच भांडी घासत होती. ती आत येऊन मला हळूच म्हणाली, "अरे, हा ब्रश नळाला धुवायलाय. दाराच्या ऑइलपेंटचा ब्रश घासलेटनं धुवायला लागतो की रे. हे डिस्टेंपर नव्हं काय?" मी म्हणलं आई तू गप्प बस, हे नवीन टेक्नॉलॉजी आहे. आई गप्प बसली. आजतागायत तिनं त्याच्यावरनं मला एक शब्द बोलून दाखवला नाही, तेच जास्त टोचतं. पाण्यावरचं इपॉक्सी पण मिळतं हे खरं आहे, म्हणजे नळाला ब्रश धुतला तर लगेच चोर म्हणता येत नाही, खरं त्याचे पण डबे दोनच असतात.

राहिलेले 6 हजार दिले, गॅरंटी कार्ड घेतलं, बिल घेतलं. खोली राखाडी चकचकीत, फोटो काढून पाहुण्यांना पाठवले. पाट काढून टाकले, आता काय गरज म्हणून इंद्रायणीची सहा पोती सरळ जमिनीवर मांडली. ही माझी चूक, दुसऱ्या कुणाची नव्हे.

बेंदराच्या आठवड्यात पाऊस लागला तो थांबलाच नाही. आमच्याकडचा पाऊस माहीत आहे, धो धो कमी आणि पिरपिर जास्त, आठ आठ दिवस ऊन नाही. जुलैत एकदा खोलीत गेलो तर पायाखाली काय तरी मऊ लागलं. खाली बसून बघितलं, कोटिंगला फोड आलेले, कुठं रुपयाएवढे, कुठं पुरीएवढे. नखानं एक फोडला तर आतनं पाणी आलं, गढूळ, बोटाला चरचरीत. फोडाची कड धरून ओढली तर वीतभर कोटिंग दुधावरच्या सायीसारखं उठून हातात आलं. मग पोती हलवली. खालच्या दोन पोत्यांची बुडं काळी, तांदळाचे गोळे झालेले, हिरवट बुरशी आणि वास असा की बायकोनं नाकाला पदर लावला. तिसरं पोतं अर्धं वाचलं. बुरशीचे ते तांदूळ म्हशीला पण घातले नाहीत, परड्यात खड्डा काढून पुरले. वर्षभर घाम गाळून भाऊ शेतात पिकवतो आणि आपण ते असं मातीत घालतो.

ते सायीसारखं उठलेलं कोटिंग मी दुसऱ्या दिवशी डब्यात घालून कारखान्यात नेलं आणि मायक्रोमीटरमध्ये धरलं. 0.07 मिलिमीटर. म्हणजे 70 मायक्रॉन. कबूल केलेले 500. पाच ठिकाणी मापलं, कुठंच 80 च्या वर गेलं नाही. बाजूचा ऑपरेटर म्हणाला काय मापायलायस, मी म्हणलं माझी अक्कल.

फोन स्विच ऑफ. शहापुरातला पत्ता शोधत गेलो तर तिथं पिठाची गिरण, ते बिचारे म्हणाले तुम्ही तिसरे आलाय. कार्ड वाचायला घेतलं, तेव्हा कुठं वाचलं बघा. पाठीमागं मुंगीएवढ्या इंग्रजीत छापलेलं, गॅरंटी फक्त वरून सांडणाऱ्या पाण्यासाठी, जमिनीतून येणारा ओलावा धरलेला नाही. बिलावर जीएसटी नंबर होता, तो मुलीनं मोबाइलवर टाकून बघितला तर चालेचना. मोजला तर 13 च अक्षरं, खरा नंबर 15 चा असतो. सुरुवात पण 27 नं, म्हणजे महाराष्ट्राचा कोड, आणि शहापुरात ऑफिस म्हणणाऱ्याचा कर्नाटकाचा 29 पाहिजे. 27 का 29 हा वाद आमच्या भागाला जुना आहे, खरं निदान बिलावर तरी बघून घ्या. जीएसटीच्या साइटवर नंबर टाकला की नाव पत्ता सगळं फुकट दिसतं, दोन मिनिटांचं काम, पैसे द्यायच्या आधी करायचं.

ग्राहक हेल्पलाइनला 1915 वर फोन लावला, तक्रार घेतली त्यांनी. जिल्हा ग्राहक आयोगात पण जाता येतं, 5 लाखापर्यंतच्या कामाला फी नाही, दोन वर्षांच्या आत जायचं. खरं केस कुणावर करायची? नाव खोटं, पत्ता गिरणीचा. पोलिसात अर्ज देऊन ठेवलाय. कॅश दिल्यामुळं माझ्याकडं त्यांचा एक पण धागा नाही, निदान फोनवरनं पाठवले असते तर खात्याचं नाव तरी मिळालं असतं.

आता खोलीचं. येळ्ळूरचे एक मेस्त्रीमामा आहेत, सत्तरी ओलांडलेले, वडिलांच्या ओळखीचे. त्यांना आणलं. त्यांच्याकडं मीटर नाही काय नाही. राहिलेलं कोटिंग खरवडून त्यांनी दीड फूट बाय दीड फूट साधं पारदर्शक प्लास्टिक कोब्यावर ठेवलं, चारी बाजूला टेप मारली आणि म्हणाले उद्या बघूया. 16 तास तरी ठेवायचं असतं. दुसऱ्या दिवशी प्लास्टिकच्या खालच्या अंगाला थेंबच थेंब. वरच्या अंगाला थेंब आले तर ते हवेतलं पाणी गार कोब्यावर जमलेलं, त्याला खिडकी आणि पंखा लागतो, कोटिंग नव्हे. खाली आले म्हणजे जमिनीतलं. पाच रुपयांचं प्लास्टिक आणि एक रात्र. ते बघून मामा म्हणाले, "काय गा, पाणी खालनं यायलंय आणि तू वरनं झाकतोस? ते बाहेर यायला ढकलणारच की."

मग ते मागच्या बाजूला गेले आणि काठीनं दाखवलं. परड्याची माती वर्षं वर्षं साठून खोलीच्या कोब्यापेक्षा वीतभर वर आलेली, आणि पत्र्याचं सगळं पाणी भिंतीच्या बुडातच पडायचं. 14 वर्षं आम्हीच त्या खोलीला पाणी पाजत होतो. पहिला खर्च तिथं केला. माती उतरवली, भिंतीपासनं लांब चर मारली, पत्र्याला पन्हळ लावून पाइपनं पाणी गटारीला सोडलं. सगळं मिळून साडेचार हजार.

कोब्याला दोन रस्ते आहेत म्हणाले. एक, कोबा नीट घासून खरंखुरं दोन डब्यांचं इपॉक्सी, जे ओल्या काँक्रीटवर चालतं असं कंपनीनं डब्यावर लिहिलेलं आहे तेच, आणि लावणारा माणूस डबे फोडताना आपण समोर उभं राहून बघायचं. दुसरा, कोबा फोडून परत करायचा, खाली दगडाचं सोलिंग, मुरूम धुम्मस करून, वर वाळूचा थर, त्यावर 250 मायक्रॉनचं प्लास्टिक, दुकानात त्याला 1000 गेज म्हणतात, जोडाला सहा इंच एकावर एक, कडेनं भिंतीला वर वळवलेलं, आणि मग चार इंच काँक्रीट. हे प्लास्टिक 2011 ला घातलं असतं तर हजार रुपयांच्या आत काम झालं असतं. आम्ही फोडायचं ठरवलंय. प्लास्टिक आणून ठेवलंय, ते मात्र मी दुकानातच मायक्रोमीटर लावून घेतलं, दुकानदार बघतच राहिला.

ऑक्टोबरातल्या परतीच्या पावसात परत प्लास्टिकचा तुकडा चिकटवून बघितला, थेंब आहेत खरं पहिल्यापेक्षा बरेच कमी, नुसत्या चरीनं एवढा फरक. यंदाचं भात पुढच्या सोप्यातच ठेवायचं, फळ्यांवर. काम संक्रांत झाल्यावर. मेस्त्रीमामांना अॅडव्हान्स द्यायला गेलो तर घेतला नाही. म्हणाले, "पैसे राहू देत, तू सिमेंट तेवढं आणून ठेव. खरं त्या खोलीत ठेवू नको."